संधानपात्रातील किण्व आणि त्याचा आयन-पंप : अरिष्ट 'लागत' का नाही?

आसवारिष्ट-कल्पना हा विषय आपण सर्वांनी रसशास्त्र व भैषज्यकल्पनेच्या तासाला अभ्यासलेला आहे. द्रव, गूळ, मध, प्रक्षेप यांची प्रमाणे पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि पुढे व्यवसायात पडल्यावर बहुतेकांनी तयार बाटल्या मागविण्याचा सोपा मार्ग स्वीकारला. ज्यांनी स्वतःची छोटीशी फार्मसी चालविण्याचे धाडस केले, त्यांना मात्र एक अनुभव हटकून आलेला असतो. तोच पाठ, तीच द्रव्ये, तेच पात्र. एक बॅच सुरेख उतरते आणि दुसरी 'लागतच' नाही. अशा वेळी गुळाला, फुलांना, ऋतूला किंवा नशिबाला दोष दिला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाकडे किण्वाच्या, म्हणजे संधान घडविणाऱ्या सूक्ष्म कवकाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न करीत आहोत. त्याच्या पेशीपटलावर बसलेली आयन उपसणारी प्रथिने हा या लेखाचा मुख्य विषय आहे. विषय जीवरसायनाचा वाटला, तरी त्याचा थेट संबंध आपल्या पिंपाशी आहे.

प्रथम आमचीच एक फसलेली बॅच. गोंदिया जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किती गार होतात, हे बाहेरच्या वैद्यांना सांगूनही पटत नाही. हिवाळ्यात विदर्भातील सर्वांत थंड ठिकाण म्हणून वर्तमानपत्रात आमच्याच गावाचे नाव अनेकदा येते. अशाच एका डिसेंबरात आम्ही अभयारिष्ट घातले. हिरडा आणि मोहफूल येथल्याच जंगलातले, धायटीची फुलेही येथलीच. टिनाच्या शेडमध्ये पात्र ठेवले होते. काढा गाळून त्यात सर्व गूळ विरघळविला आणि घाईत, काढा पुरता निवण्याआधीच, धायटीसह सर्व प्रक्षेप टाकले. संधिबंधन केले. नऊ दिवस कान लावून ऐकले, आवाज नाही. एका अनुभवी मदतनिसाने सांगितले, गूळ कमी पडला असेल. आम्ही आणखी गूळ घातला. पंधरवड्यानंतर उघडले तो वर पांढरी साय आणि कुबट वास. सर्व फेकावे लागले. छोट्या फार्मसीला असे नुकसान महिनाभर जाणवते. त्याहून अधिक जाणवला तो आमचा अडाणीपणा, कारण किण्व ज्या ओझ्याखाली दबला होता तेच ओझे आम्ही वाढविले होते.

हे ओझे कसले, ते समजण्यासाठी पेशीच्या दारापर्यंत जावे लागेल.

पेशीच्या दारावरील पंप

धानाच्या बांधीत पाणी साचले की शेतकरी पंप लावून ते बाहेर काढतो. बांध जितका झिरपेल तितका पंप अधिक वेळ चालवावा लागतो आणि तेल अधिक जळते. किण्वाच्या पेशीची स्थिती नेमकी अशीच आहे. तिच्या पेशीपटलावर पीएमए-१ नावाचे प्रथिन असते. एटीपी हा ऊर्जारेणू मोडून ते हायड्रोजनचे धनभारित आयन, म्हणजे प्रोटॉन, आतून बाहेर फेकते. एका एटीपीमागे एक प्रोटॉन. पेशी निर्माण करीत असलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा, काही स्थितींत एक पंचमांश किंवा त्याहूनही अधिक, या एकाच कामावर खर्च होतो. म्हणजे हा पंप किण्वाच्या घरखर्चातील सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक आहे. या प्रथिनाचे जनुक सेरानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली वेगळे केले. २०२१ साली अतिशीत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने त्याची रचना स्पष्ट दिसली, तेव्हा असे आढळले की सहा-सहा पंप वर्तुळाकार गोळा होऊन पटलात बसलेले असतात.

या कुळातील इतर प्रथिने आपल्या परिचयाची आहेत. प्राण्यांच्या पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली दाखविला व १९९७ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. डिजॉक्सिन त्याच पंपाला अडविते. आमाशयातील अम्ल स्रवणारा पंप त्याच कुळातला. अम्लपित्ताचे रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वी महिनोन्‌महिने जी ओमेप्राझोलची गोळी खाऊन आलेले असतात, ती त्याच पंपावर काम करते. कवकांचा प्राणरक्षक पंप मात्र प्रोटॉनचा आहे आणि या बाबतीत ती प्राण्यांपेक्षा वनस्पतींच्या जवळची आहेत.

प्रोटॉन बाहेर गेल्याने तीन गोष्टी साधतात. पेशीचा अंतर्भाग जवळजवळ उदासीन, म्हणजे पीएच ७ च्या आसपास राहतो, मग बाहेर ४ का असेना. आतला भाग विद्युत्‌दृष्ट्या ऋण होतो. आणि बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येऊ पाहतात, त्या ओढीवर स्वार होऊन अनेक पोषक द्रव्ये आत घेता येतात. प्रोटॉनच्या अशा उतारात ऊर्जा साठविलेली असते, ही कल्पना पीटर मिशेल यांनी १९६१ साली मांडली. आरंभी तिची बरीच उपेक्षा झाली आणि १९७८ साली तिलाच नोबेल मिळाले.

बाहेर गेलेल्या प्रत्येक धन आयनाच्या बदल्यात आत काहीतरी धन आयन यावा लागतो, अन्यथा विद्युत्‌भाराचा तोल इतका ढळतो की पंप अडून बसतो. हे काम मुख्यतः पोटॅशियम करतो. त्याला आत घेणारे टीआरके-१ हे वेगळे प्रथिन आहे. आणि सोडियम आत शिरला, तर त्याला हाकलण्यासाठी ईएनए-१ हा निराळा पंप असतो. तो १९९१ साली रोद्रिगेझ-नावारो यांच्या गटाने वर्णिला. हा पंप नेहमी चालू नसतो; क्षार वाढला किंवा माध्यम अल्कधर्मी झाले म्हणजे पेशी तो नव्याने घडविते. विहिरीचे जड, खारट पाणी संधानाला चालत नाही असे जुनी माणसे म्हणतात, त्यामागे अशीच काही कारणे असावीत.

काढ्यात पडल्यावर किण्वावर काय ओढवते

आता आपल्या पाठाकडे येऊ. प्रमाण सांगितलेले नसेल तेव्हा शार्ङ्गधराने एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या एक दशांश प्रक्षेप सांगितला आहे. प्रचलित दशमान-कोष्टकाने द्रोण म्हणजे १२.२८८ लिटर आणि तुला ४.८ किलो. गुळात चार-पंचमांशाच्या आसपास व मधात तीन-चतुर्थांशाहून थोडी अधिक साखर धरली, तर एकूण साखर सुमारे ५.८ किलो होते. विरघळल्यावर आकारमान सतरा लिटरच्या जवळ जाते. म्हणजे प्रति लिटर सुमारे ३४० ग्रॅम साखर. द्राक्षाच्या रसात मद्य करताना ती साधारण २०० ते २४० ग्रॅम असते. या तुलनेवरून किण्वाला आपण कशात लोटतो, ते ध्यानात यावे.

इतक्या दाट द्रवात पडताक्षणी पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि ती आक्रसते. जिवंत राहण्यासाठी तिला आत ग्लिसरॉल साठवून समतोल साधावा लागतो. या प्रतिसादाची आज्ञा देणारी संदेशसाखळी १९९३ साली प्रकाशात आली, तिला एचओजी मार्ग म्हणतात. ग्लिसरॉल तयार करण्यास साखर व वेळ लागतो. तोपर्यंत पेशी फुगत नाही, विभागत नाही, बुडबुडेही येत नाहीत. आपण बाहेरून म्हणतो, 'लागले नाही.' त्यात थंडीने पेशीची सर्वच कामे मंदावलेली. त्यात अर्धे किण्व गरम काढ्याने मेलेले. अशा वेळी आणखी गूळ घालणे म्हणजे ओझ्याखाली वाकलेल्याच्या पाठीवर आणखी एक पोते टाकणे. आम्ही तेच केले होते.

येथे एका जुन्या वादाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. द्रवद्वैगुण्याची परिभाषा लावली, तर द्रोणभर द्रव २४.५७६ लिटर होतो. त्याच गूळ-मधाने मग साखर प्रति लिटर सुमारे २०० ग्रॅमवर येते, जी किण्वाला सोसवणारी आहे. केवळ किण्वाचा विचार केला, तर द्वैगुण्याच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो. परंतु तयार अरिष्टात ८ टक्के मद्यार्क झाला, तर त्यासाठी लिटरमागे सुमारे १३५ ग्रॅम साखर खर्ची पडते. पहिल्या प्रकारात दोनशेच्या जवळपास ग्रॅम साखर उरते आणि ती पुढे टिकाऊपणाला मदत करते. दुसऱ्या प्रकारात साठ-पासष्टच उरते. शिवाय काढ्याची तीव्रता अर्धी होते, हा चिकित्सेच्या दृष्टीने लहान मुद्दा नव्हे. म्हणून आमचे मत असे झाले आहे की प्रमाण बदलू नये, वेळ बदलावी. पाठातील एकूण गुळापैकी अर्धा आरंभी व उरलेला संधान जोमात आल्यावर, चार-पाच दिवसांनी घालावा. ग्रंथात असे सांगितलेले नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. परंतु पाठातील एकही द्रव्य वा मान त्यामुळे बदलत नाही.

धायटीच्या भूमिकेविषयी दोन शब्द. चरकाने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसव सांगितले, त्यांतील पुष्पासवांत मधूक आणि धातकी ही दोन्ही नावे आहेत. योगायोग असा की नवेगाव, सालेकसा, देवरी या आमच्या जंगलपट्ट्यात मोह आणि धायटी दोन्ही मुबलक मिळतात, आणि दोन्ही फुलांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी जवळजवळ लागोपाठ येतो. १९९३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी निंबारिष्टावर केलेल्या अभ्यासात असे आढळले की धायटीची फुले घातल्याने मद्यार्क वाढतो आणि साखरेचे विघटन करण्याची क्रियाही त्या फुलांत असते. गुळातील मोठ्या साखरेचे तुकडे झाले म्हणजे ग्लुकोज मिळते, आणि ग्लुकोज हे पीएमए-१ पंपाचे चालू-बटण आहे. ग्लुकोज मिळाल्यावर काही मिनिटांत हा पंप कित्येक पटींनी जोमाने चालू लागतो. ते संपले की तितक्याच तत्परतेने मंदावतो. धायटी जुनी, पावसाळ्यात ओलावा धरलेली असेल तर तिच्याकडून ही अपेक्षा ठेवू नये. आम्ही दरवर्षी नवी फुले सावलीत वाळवून पावसाळ्यापूर्वीच हवाबंद करतो. बाजारातील फुलांत देठ-पाने किती, हेही एकदा परातीत पसरून पाहावे.

मद्यार्क वाढल्यावर

आरंभीचे संकट साखरेचे असेल, तर शेवटचे संकट किण्वाने स्वतःच निर्माण केलेले असते. मद्यार्क पेशीपटलाला सैल करतो. सैल पटलातून प्रोटॉन आत झिरपतात, पंपाला अधिक चालावे लागते, एटीपी जळतो, आणि एका टप्प्यावर पेशी हरते. उष्णतेनेही पटल असेच सैल होते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत टिनाखाली घातलेले संधान सुरुवातीला फसफसून मध्येच थांबते आणि अरिष्ट गोड व कच्चे राहते. ते याच दुहेरी माऱ्यामुळे, असे आम्हास वाटते.

येथे २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले एक संशोधन फार उद्बोधक आहे. स्टेफानोपूलस व फिंक यांच्या गटाने दाखविले की माध्यमात पोटॅशियम वाढविला आणि आम्लता थोडी कमी केली, तर किण्व अधिक मद्यार्क सोसतो व अधिक निर्माण करतो. पोटॅशियम आत ओढणाऱ्या व प्रोटॉन बाहेर काढणाऱ्या पंपांची जनुके अधिक क्रियाशील केल्यावरही असाच परिणाम दिसला. म्हणजे मद्य सोसण्याची शक्ती पुष्कळ अंशी पेशीपटलावरील या दोन आयनांच्या उतारावर उभी आहे.

याचा आपल्याशी संबंध गुळाचा. काही औषधशाळा खर्च व रंग यांचा विचार करून गुळाऐवजी शुभ्र साखर वापरतात. साखरेत सुक्रोजखेरीज जवळजवळ काही नाही. गुळात पोटॅशियम व मॅग्नेशियम दोन्ही बऱ्यापैकी असतात. पोटॅशियमचे काम वर आलेच, आणि मॅग्नेशियमवाचून एटीपी कामी येत नाही. ज्या पाठात शर्करा सांगितली आहे तेथे शर्कराच घ्यावी, परंतु जेथे गूळ सांगितला आहे तेथे तो बदलू नये. मात्र गूळही पिवळाधमक नको. रंग उजळण्यासाठी 'हायड्रॉस' घातलेल्या गुळात गंधकाचा अंश राहतो व तो किण्वाला मारक असतो. शिवाय ते द्रव्य सोडियमचे संयुग आहे. काळपट, जुना गूळ ग्रंथकारांना का प्रिय होता, याचे एक उत्तर येथे मिळू शकते.

पटल घट्ट ठेवण्याचे काम एर्गोस्टेरॉल हा स्नेहरेणू करतो, आणि तो तयार होण्यास प्राणवायू लागतो. (गजकर्णावर दिल्या जाणाऱ्या टर्बिनाफिन व 'अझोल' वर्गातील औषधांचा रोख याच रेणूच्या निर्मितीवर असतो. अलीकडे देशभर चिवट झालेल्या गजकर्णात बुरशीने टर्बिनाफिनला कसे चकविले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) म्हणून पात्र काठोकाठ भरून पहिल्याच तासाला कापडमातीने बंद करणे आम्हास योग्य वाटत नाही. पाव ते तृतीयांश भाग रिकामा ठेवावा, पहिले दोन दिवस स्वच्छ कापड बांधून रोज एकदा ढवळावे, आणि आवाज सुरू झाल्यावर संधिबंधन करावे. त्यानंतर मात्र हवा नको, कारण मद्यार्काचे शुक्त करणारे जीवाणू हवेचीच वाट पाहत असतात.

पीएच-पट्टी आणि धानाचा कोंडा

फसलेल्या बॅचनंतर आम्ही पुन्हा अभयारिष्ट घातले. या वेळी काढा हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबलो, गूळ अर्धाच घातला आणि पात्राभोवती राईस मिलमधून आणलेल्या धानाच्या कोंड्याची दीड-दोन वीत जाड थप्पी रचली. संधानपात्र धान्यराशीत ठेवण्याचा ग्रंथोक्त आदेश आपण वाचून सोडून देतो. गोंदियात राईस मिलच्या कोंड्याचे ढीग रस्त्याकडेला पडलेले असतात आणि त्यांचा उपयोग आम्हाला इतकी वर्षे सुचला नव्हता. तिसऱ्या दिवशी आवाज आला. अर्थात तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे श्रेय नेमके कोणाचे, हे त्या एका बॅचवरून सांगता येत नाही. पुढील हिवाळ्यात कोंडा तसाच ठेवून गूळ एकदम घातला, तेव्हा आवाज यायला आठवडा लागला, एवढी नोंद आमच्या वहीत आहे.

आणखी एक साधी सवय लाभदायक ठरली. संधान घातल्यावर रोज सकाळी पीएच-पट्टी बुडवून रंग लिहून ठेवावा. किण्वाचा पंप चालू झाला की प्रोटॉन बाहेर पडतात आणि काढ्याची आम्लता आवाज येण्यापूर्वीच वाढू लागते. आमच्या काढ्यात पट्टी पाचाच्या आसपासून दोन दिवसांत चारापर्यंत उतरली, तर आम्ही निश्चिंत होतो. तीन दिवस ती हललीच नाही, तर वाट न पाहता एका लहान भांड्यात थोडा काढा सौम्य करून, नवी धायटी घालून ऊबेत लावतो आणि तो जोमात आला की मूळ पात्रात मिसळतो. आम्लता जीवाणूंमुळेही वाढते, म्हणून पट्टीबरोबर वास घेणे सोडू नये. आंबूस तिखट वास आला तर ती पंपाची खूण नव्हे.

शेवटी परिरक्षकाचा मुद्दा, कारण औषधविक्रेते बंधू बाटलीत वर आलेल्या सायीबद्दल वारंवार विचारतात. सोडियम बेंझोएट हे किण्वाच्या याच पंपावर भार टाकून काम करते. आम्ल द्रवात त्याचे बेंझोइक आम्ल होते, ते अविघटित रूपात पटलातून आत शिरते आणि आत उदासीन वातावरण मिळताच प्रोटॉन सोडते. पेशी ते उपसत राहते आणि दमते. परंतु हे घडण्यास बाहेर पुरेशी आम्लता हवी. पीएच ४.२ असताना निम्मे बेंझोएट अविघटित असते, ६.२ असताना जेमतेम एक टक्का. म्हणून पीएच न पाहता बेंझोएट घालणे व्यर्थ आहे. आणि घातले तरी झायगोसॅकरोमायसीस बेली नावाचा एक किण्व त्याला जुमानत नाही. दाट साखर, आम्लता व परिरक्षक या तिन्हींत तो वाढतो. अशी बाटली दुकानात आढळल्यास ती हलवून साय मोडून विकू नये. बॅच क्रमांकासह उत्पादकाकडे परत पाठवावी. आमच्या स्वतःच्या बाटल्यांत अशी साय आली तेव्हा दोष औषधात नव्हता, धुतल्यावर नीट न वाळलेल्या झाकणांत होता. तेव्हापासून झाकणे उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळविल्याशिवाय आम्ही बाटली भरीत नाही.